रंगूनला जाण्यापूर्वी सोपारा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गे गोराईकडे निघाले की खाडी, मिठागरांची उरलीसुरली चौकोनी शेते आणि कोळीवाडे मागे पडतात आणि झाडांच्या वर एक सोनेरी शिखर दिसू लागते. आमच्याकडे त्याला नुसते ‘पॅगोडा’ म्हणतात. रविवारी तिथे गर्दी असते. कुणी ध्यानाला येतो, बरेचसे फोटोला येतात, आणि परतताना उत्तनला ताजी मासळी घेऊन घरी जातात. ८ फेब्रुवारी २००९ रोजी या वास्तूचे उद्घाटन झाले. राजस्थानी दगडाच्या त्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि एका वेळी सुमारे ८,००० माणसे ध्यानाला बसू शकतात, एवढे माहितीफलक सांगतो. पण हे शिखर कुणासारखे आहे, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. ते रंगूनच्या श्वेडगॉनसारखे आहे. मंडालेत १९२४ साली जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात येऊन विपश्यना शिकवायला सुरुवात केली. भारतात लुप्त झालेली ही विद्या ब्रह्मदेशाने जपून ठेवली, असे ती परंपरा मानते. गोराईचा पॅगोडा म्हणजे त्या ऋणाची जाहीर कबुली. गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे व्यवसायाने सरकारी हिशेबनीस. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते त्या देशाचे महालेखापाल झाले. आकडेमोड करणाऱ्या कारकुनांबद्दल आपल्या साहित्यात फार चांगले लिहिलेले नाही, म्हणून हा तपशील मला आवडतो.

विपश्यना हा या लेखाचा विषय नाही. वसईच्या खाडीकाठी राहणारा माणूस त्या मूळ शिखराच्या गावी गेला तर त्याला कशाचे नवल वाटेल, हा विषय आहे. २०१८च्या डिसेंबरात मी आठ दिवस रंगूनला होतो. शहराचे अधिकृत नाव यांगोन, पण मराठी कानाला रंगूनच ओळखीचे. ‘पतंगा’ (१९४९) या चित्रपटातल्या टेलिफोनच्या गाण्याने ते घराघरांत पोचवले आणि त्या गाण्याला चाल देणारे व त्यात स्वतः गाणारे सी. रामचंद्र हे आपलेच चितळकर.

प्रवासाची पुस्तके ज्यांना नवलाच्या गोष्टी म्हणतात त्या रंगूनमध्ये भरपूर आहेत. पुरुष लुंगी नेसून कचेरीत जातात. बायका आणि मुले गालांना ‘थनखा’ नावाच्या झाडाच्या सालीचा पिवळसर लेप लावतात. चंदनासारखीच सहाणेवर उगाळून. १९७० साली सरकारने रातोरात वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, पण उजव्या बाजूला चक्र असलेल्या जपानी गाड्या पुढेही येत राहिल्या. शहरात मोटारसायकलींना बंदी आहे. या सगळ्याचे नवल दोन दिवसांत ओसरते. जे ओसरत नाही ते वेगळे आहे. अनोळखी मुलखात मधूनच कुणीतरी आपल्या घरातला शब्द उच्चारावा, तोही किंचित बोबडा, तसे ते आहे.

बोबडा म्हणतो त्याला कारण आहे. पाली-संस्कृतातला ‘स’ ब्रह्मी माणसाच्या तोंडी ‘थ’च्या जवळ जातो. एवढी एक किल्ली हाती आली की बरीच कुलुपे उघडतात. एप्रिलच्या मध्यावर तिथे नववर्षाचा सण असतो आणि सारे शहर एकमेकांवर पाणी ओतत असते. त्या सणाचे नाव थिंजान. लिहिलेले पाहिले तर अक्षरे जवळपास ‘संक्रान्’ अशीच आहेत. ही संक्रांतच, फक्त आपली मकरेची तर त्यांची मेषेची. त्या दिवशी थग्यामिन नावाचा देव पृथ्वीवर उतरतो आणि कोण चांगले वागले, कोण वाईट, याची नोंद दोन वह्यांत करतो. थग्या म्हणजे शक्र, आपला इंद्र. थुरथादी म्हणजे सरस्वती. ती हंसावर बसते आणि त्रिपिटकाचे रक्षण करते. परीक्षेच्या दिवसांत मुले तिला नमस्कार करतात हे सांगायला नकोच.

श्वेडगॉनच्या पायऱ्या चढून वर गेले की कळते, येथे सर्वप्रथम आपला जन्मवार ठाऊक असावा लागतो. मुख्य स्तूपाभोवती आठ दिशांना वारांची आठ ठाणी आहेत. माणूस आपल्या वारापाशी जातो आणि तिथल्या छोट्या बुद्धमूर्तीवर पाणी घालतो. वार सात आणि दिशा आठ, म्हणून बुधवारचे दोन भाग केले आहेत: सकाळचा बुध, दुपारनंतरचा राहू. प्रत्येकाला एक प्राणी आहे. सोमवारचा वाघ, रविवारचा गरुड, सकाळच्या बुधाचा सुळेवाला हत्ती, राहूचा बिनसुळ्यांचा. वारांची नावे ऐकावीत: गुरुवार म्हणजे चाथबदे, बृहस्पतीचा अपभ्रंश, शुक्रवार म्हणजे थौक्या, शुक्रच, मंगळवार म्हणजे इंगा, हा अंगार. अंगारकीला सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागू नये. परंपरेने मुलाच्या नावाचे पहिले अक्षरही जन्मवारावरून ठरते. आपल्याकडे ते नक्षत्राच्या चरणावरून ठरते, एवढाच फरक.

आडनाव मात्र नाही. बापाचे नाव मुलाला लागत नाही, नवऱ्याचे बायकोला लागत नाही. नावाआधी येणारे ‘ऊ’, ‘डॉ’, ‘को’, ‘मा’ हे नात्याचे शब्द आहेत: काका, मावशी, दादा, ताई. संयुक्त राष्ट्रांचे एकेकाळचे सरचिटणीस ऊ थांट यांचे नाव नुसतेच थांट होते. सारे जग दहा वर्षे त्यांना ‘थांटकाका’ म्हणत होते आणि जगाला ते माहीत नव्हते.

दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगावी अशी गोष्ट म्हणजे त्यांचा चातुर्मास. तो तीन महिन्यांचा असतो: आषाढी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो आणि आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास संपतो. त्या काळात भिक्षू प्रवास करीत नाहीत. लग्ने होत नाहीत, लोक शक्यतो घरही बदलत नाहीत. पावसात वाटा बंद, शेतीची कामे तुंबलेली, हे त्याचे व्यावहारिक कारण दोन्हीकडे एकच. समाप्तीला थडिंज्युत हा दिव्यांचा सण येतो. बुद्ध आपल्या आईला धर्म सांगायला देवलोकी गेला होता, तो त्या दिवशी पृथ्वीवर उतरला, म्हणून दिवे लावायचे. आपली कोजागिरी साधारण त्याच चंद्राखाली असते. त्या दिवसांत धाकटी माणसे थोरल्यांच्या पाया पडतात आणि वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. महिन्याने कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास श्वेडगॉनवर रात्रभर हातमाग चालतात. बुद्धमूर्तीसाठी चीवर विणण्याची ती स्पर्धा असते आणि पहाटेच्या आत वस्त्र पुरे व्हावे लागते. ब्रह्मी पंचांगाचे अधिकमास आपल्याशी नेहमी जुळत नाहीत, त्यामुळे काही वर्षी सण महिन्याने पुढेमागे होतात. पण चंद्र एकच.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल, म्हणजे सगळे आपलेच! ही भावना घेऊन रंगूनला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या शहरात आपण कोण म्हणून गेलो होतो, ते तिथले लोक विसरलेले नाहीत.

१८५२च्या दुसऱ्या युद्धानंतर इंग्रजांनी रंगूनची फेरआखणी केली. सुले पॅगोडा मध्याशी ठेवून काटकोनात छेदणारे रस्ते काढले. ते शहर चालवायला माणसे आली ती बंगालच्या उपसागरापलीकडून: तमिळ चेट्टियार सावकार, तेलुगू गोदी कामगार, बंगाली कारकून, पंजाबी पोलीस, गुजराती व्यापारी. शरच्चंद्र चट्टोपाध्याय १९०३ ते १९१६ या काळात तिथेच नोकरी करीत होते. १९३१च्या जनगणनेत रंगूनच्या चार लाखांच्या वस्तीत निम्म्याहून अधिक लोक भारतीय होते. एका देशाचे सर्वांत मोठे शहर, आणि त्या देशाचे लोक त्यात अल्पसंख्य. मुंबई परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला या वाक्यातला सल वेगळा समजावण्याची गरज नाही. फक्त तिथे आपण दुसऱ्या बाजूला होतो. १९३०च्या मे महिन्यात गोदीतल्या कामावरून तेलुगू आणि ब्रह्मी मजुरांत दंगल झाली. १९४२ साली जपानी फौजा आल्या तेव्हा लाखो भारतीय आराकान आणि मणिपूरच्या जंगलांतून पायी निघाले. कितीतरी वाटेतच मेले. १९६२ नंतर ने विन यांच्या लष्करी राजवटीने दुकाने आणि धंदे ताब्यात घेतले, तेव्हा आणखी लाखो लोक परतले. भारतीयांसाठी ‘कला’ हा शब्द तिथे आहे. तो नुसते वर्णन म्हणूनही वापरतात, शिवी म्हणूनही. कोणत्या वेळी कोणता, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळते.

चपलांची कथा यातलीच. श्वेडगॉनच्या टेकडीवर इंग्रजांनी १८५२ पासून १९२९ पर्यंत लष्कर ठेवले होते. साहेब लोक बूट घालून वर जात. १९०१ साली तिथल्या एका उत्सवात धम्मलोक नावाच्या भिक्षूने बूट घातलेल्या एका पोलिसाला हटकले आणि मोठे प्रकरण झाले. गंमत अशी की हटकणारा भिक्षू जन्माने आयरिश होता आणि बुटांत उभा असलेला पोलीस भारतीय. आपल्या गावच्या देवळात तो पायरीखालीच चप्पल काढत असणार. पुढे १९१९ पर्यंत हा वाद राष्ट्रीय चळवळीचा प्रश्न बनला आणि अखेरीस प्रत्येक पॅगोड्याच्या प्रमुख भिक्षूला नियम ठरवण्याचा अधिकार मिळाला. ब्रह्मी राष्ट्रवादाची पहिली मोठी जीत ही जोड्यांवरची आहे. आज तिथे मोजेसुद्धा चालत नाहीत. उन्हाने तापलेल्या फरशीवर भाजले म्हणून तक्रार करणाऱ्या पर्यटकाने हा इतिहास आठवावा.

आमच्या भागातल्या माणसाला श्वेडगॉनवर आणखी एका गोष्टीपाशी थांबावेसे वाटते, ती म्हणजे घंटा. १६०८ साली फिलिप द ब्रितो या पोर्तुगीज सरदाराने इथली धम्मजेदी राजाची प्रचंड घंटा पळवली; ती वितळवून तोफा ओतायच्या होत्या. नदीत तराफ्यासकट ती बुडाली आणि आजवर सापडलेली नाही. पाच वर्षांनी ब्रह्मी राजाने द ब्रितोला सुळावर दिले. १८२५ साली इंग्रजांनी दुसरी घंटा कलकत्त्याला न्यायचा प्रयत्न केला, तीही बुडाली. ती मात्र ब्रह्मी लोकांनी बांबू बांधून वर काढली आणि परत टांगली. आता आपल्याकडे पाहा. मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी उत्तनजवळचा धारावीचा किल्ला घेतला, मेमध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा नाशिकच्या नारोशंकरापासून भीमाशंकरापर्यंतच्या देवळांत गेल्या. आजही त्या तिथे आहेत. आपल्या इतिहासात ही विजयाची खूण आहे आणि ती तशी असण्यात मला गैर वाटत नाही. मात्र उत्तन-डोंगरीच्या चर्चांत जाणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना ती गोष्ट कशी ऐकू येत असेल, हा विचार मला रंगूनमध्ये, त्या परत टांगलेल्या घंटेपाशी, पहिल्यांदा आला.

आता ज्या नवलासाठी हा सारा लेख लिहिला त्याकडे येतो.

रंगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात कोनबाऊंग राजांचे सिंहासन आहे. सोनेरी, कोरीव, माणसाच्या कितीतरी पट उंच. मंडालेच्या राजवाड्यातली बाकीची सिंहासने दुसऱ्या महायुद्धात जळाली. हे वाचले, कारण इंग्रजांनी ते आधीच कलकत्त्याच्या संग्रहालयात नेऊन ठेवले होते; १९४८ साली माउंटबॅटननी ते परत केले. त्यावर बसलेला शेवटचा राजा थीबा. या घराण्याचे राजे परदेशी पत्रे पाठवताना लांबलचक बिरुद लावीत. त्यात सुरुवातीलाच दोन देशांची नावे येत: थुनापरांत आणि तंबदीप. यातला थुनापरांत म्हणजे इरावतीच्या पश्चिमेचा मुलूख, असे ब्रह्मी लोक मानतात.

‘स’च्या जागी ‘थ’ ही किल्ली इथे फिरवून पाहावी. थुनापरांत म्हणजे सुनापरान्त.

पाली त्रिपिटकात मज्झिमनिकायात पुण्ण नावाच्या भिक्षूचे एक सुत्त आहे. पुण्ण बुद्धाला सांगतो की मी सुनापरान्तात राहायला जातो. बुद्ध म्हणतो, तिथली माणसे फार तामसी आणि तोंडाची कडक आहेत. शिव्या दिल्या तर काय करशील? पुण्णाचे उत्तर असे, की हाताने मारले नाही, एवढे ते भले, असे समजेन. आणि हाताने मारले तर? दगड मारले नाहीत म्हणून भले. असे करत संवाद शस्त्रापर्यंत आणि जीव घेण्यापर्यंत जातो आणि बुद्ध त्याला जायची परवानगी देतो. हा सुनापरान्त बहुतेक अभ्यासक अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणच्या किनाऱ्याला शोधतात. संस्कृत ‘दिव्यावदाना’त हाच पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे सोपाऱ्याचा व्यापारी आहे, तो चंदनाचा विहार बांधतो आणि बुद्धाला तिथे बोलावतो. पाली अट्ठकथा सांगते की बुद्ध परतताना नम्मदा नदीच्या काठी एक आणि सच्चबद्ध डोंगरावर एक, अशी दोन पावले उमटवून गेला. नम्मदा ही आपली नर्मदा. कोकणी माणसाच्या स्वभावाबद्दलचे हे बहुधा सर्वांत जुने लेखी मत असावे. त्यावर काही बोलायचे मी टाळतो.

ब्रह्मी लोकांनी ही सारी कथा उचलून आपल्या देशात नेली. मिन्बूजवळ श्वेसेत्तॉ नावाचे तीर्थ आहे. तिथे दोन पावले आहेत, एक ओढ्याच्या काठी, एक टेकडीवर. पुण्णाचे गाव, नदी, डोंगर, सगळ्याला तिथल्या जागा नेमून दिलेल्या आहेत आणि दर वर्षी मोठी यात्रा भरते. याला मी चोरी म्हणणार नाही. आपणही पुराणांतली स्थळे दर पन्नास मैलांवर सापडवली आहेत. रामाची पावले कुठे नाहीत? श्रद्धा जिथे रुजते तिथे ती स्वतःचा भूगोल तयार करते. पण याचा परिणाम असा झाला की कोकणाचे एक जुने नाव हजारो मैल दूरच्या राजाच्या बिरुदात जिवंत राहिले आणि कोकणात ते कुणाला ठाऊकही उरले नाही.

आणि मग नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी या सुनापरान्ताच्या राजाला बैलगाडीत घालून बोटीवर चढवले आणि काही महिने मद्रासला ठेवून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. ज्या देशाचा तो कागदोपत्री स्वामी होता, त्या मूळ अपरान्तात तो तीस वर्षे कैदी म्हणून राहिला. इंग्रजांना हा योगायोग माहीत असण्याचे कारण नव्हते. थीबाला पाली येत होती. गादीवर येण्यापूर्वी तो विहारात शिकलेला, परीक्षेत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी होता. पुण्णाचे सुत्त त्याने वाचले असणे सहज शक्य आहे. रत्नागिरीच्या पावसाकडे पाहताना त्याच्या मनात ते कधी आले का, याची नोंद कुठे नाही.

आपण ही गोष्ट टिळकांच्या बाजूने सांगतो. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि मंडालेत जन्मलेला थीबा त्याच वेळी रत्नागिरीत. तिथे ‘गीतारहस्य’ लिहिले गेले, इथे १९१० साली राजवाडा बांधून पुरा झाला. त्याआधी १८५८ साली दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेले होते. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो तिथे वारला. त्याची कबर मुद्दाम सपाट करून टाकली होती. १९९१ साली गटार खणताना खरी जागा सापडली. रंगूनला गेलेला प्रत्येक भारतीय तिथे जातो. आपल्या राजाची कबर पाहून हळहळतो आणि रत्नागिरीच्या शिवाजीनगरातली दुसरी कबर त्याला आठवत नाही. २०१२ सालच्या मे महिन्यात डॉ. मनमोहन सिंग जफरच्या दर्ग्यात गेले होते. त्याच डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले.

थीबा डिसेंबर १९१६ मध्ये वारला. त्याचा देह मायदेशी नेऊ द्यावा ही मागणी इंग्रजांनी मान्य केली नाही. राणी सुपायालातला १९१९ साली परत जाऊ दिले, पण मंडालेला नाही. ती रंगूनमध्ये राहिली आणि १९२५ साली तिथेच गेली. तिची समाधी श्वेडगॉनच्या पायथ्याशी, कंडॉमिन बागेत आहे. पांढरी, टोकदार, रस्त्यावरून सहज दिसणारी. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परतली आणि तिथेच संपली. तिची मुलगी टुटू मराठी बोलत, कोकणातल्या कष्टकरी बायकांसारखी जगली. तिच्या मुलाबाळांची भाषा मराठीच. सुनापरान्ताचे राजघराणे अशा रीतीने अपरान्तात मिसळून गेले.

१ फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावापासून तिथे यादवी चालू आहे आणि मार्च २०२५च्या भूकंपाने मंडालेची फार हानी झाली. त्यामुळे रंगूनला जा, असे मी आज कुणाला सहज सांगणार नाही. सोपाऱ्याला मात्र कुणालाही जाता येते. भाईंदरहून खाडीपूल ओलांडला की नायगाव, वसई आणि मग नालासोपारा, तिसरे स्टेशन. पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘बुरूड राजाचा कोट’ किंवा नुसते ‘स्तूप’ सांगावे. भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२ मध्ये तो उकरला. आत दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या होत्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या जपलेल्या असाव्यात. भोवती आठ छोट्या मूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. ते सारे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. जागेवर विटांचा ढिगारा, थोडी झाडे आणि पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. दुपारी आजूबाजूची मुले तिथे क्रिकेट खेळतात.